मालिका-खुनी आज आहेत काय?

एकाच माणसाने एकामागून एक अनेक खून करावेत आणि वर्षानुवर्षे त्याचा मागमूस कोणाला लागू नये, अशा हकिकती आपण वर्तमानपत्रांत वाचतो आणि चित्रपटांत पाहतो. त्या वाचून जिज्ञासू वाचकाच्या मनात साहजिकच प्रश्न येतो की, हे सारे होऊन गेलेल्या काळातील आहे, की असे खुनी आजही जगात वावरत आहेत? याचे उत्तर एका शब्दात देता येते : आहेत. परंतु शास्त्राच्या दृष्टीने एवढे उत्तर पुरेसे नाही. त्यांची संख्या वाढते आहे की घटते आहे, ते कोठे सापडतात व कोठे सापडत नाहीत, आणि मुळात अमुक इतके मृत्यू एकाच हाताने घडले हे कळते तरी कसे, हे प्रश्न अधिक महत्त्वाचे आहेत. प्रस्तुत पुस्तिकेत मुख्यतः या शेवटच्या प्रश्नाचा विचार केला आहे. कारण त्याचे उत्तर समजल्यावाचून पहिल्या प्रश्नांची उत्तरे देता येत नाहीत.

प्रथम शब्दाचा अर्थ निश्चित करू. ‘सीरियल किलर’ हा शब्द आता मराठीत रूढ झाला आहे. येथे त्याला मालिका-खुनी म्हटले आहे. बर्लिन पोलिसांचे अधिकारी एर्न्स्ट गेनाट यांनी १९३० साली ड्युसेलडॉर्फ शहरातील खुनांविषयी लिहिताना याच अर्थाचा जर्मन शब्द वापरला होता. अमेरिकेच्या केंद्रीय अन्वेषण संस्थेने, म्हणजे एफबीआयने, २००५ साली टेक्सास राज्यातील सॅन अँटोनिओ येथे तज्ज्ञांची परिषद भरविली. तीत ठरलेल्या व्याख्येनुसार एकाच गुन्हेगाराने किंवा गुन्हेगारांनी वेगवेगळ्या प्रसंगी दोन किंवा अधिक माणसांचे खून केले तर ती मालिका होय. त्यापूर्वी, १९९८ च्या एका अमेरिकी कायद्यात ही संख्या तीन धरली होती. व्याख्या दोनाची की तीनाची, एवढ्या फरकाने खुन्यांची यादी लांब किंवा आखूड होते, हे आकडेवारी वाचताना ध्यानात ठेवावे. एकाच वेळी एकाच ठिकाणी अनेकांना ठार करणारा माणूस या व्याख्येत बसत नाही. दर वर्षी होणाऱ्या एकंदर खुनांपैकी एक टक्क्याहूनही कमी खून मालिका-खुन्यांकडून होतात, असा त्याच संस्थेचा अंदाज आहे.

चित्रपटातील मालिका-खुनी बहुधा विलक्षण बुद्धीचा, एकाकी पुरुष असतो. प्रत्यक्षात अशा गुन्हेगारांत संसारी माणसे आहेत, नोकरदार आहेत, डॉक्टर आहेत, परिचारक आहेत, पोलीसही आहेत. सायबेरियातील अंगार्स्क येथील मिखाईल पोपकोव्ह हा पोलीस खात्यात नोकरीस होता; २०१५ साली २२ आणि २०१८ साली आणखी ५६ खुनांबद्दल त्याला दोषी ठरविण्यात आले. कोल्हापूर येथे १९९६ साली उघडकीस आलेल्या बालहत्यांच्या प्रकरणात तर आई आणि तिच्या दोन मुली आरोपी होत्या. यांपैकी बहुतेक जण दीर्घकाळ मोकळे राहिले ते बुद्धीच्या जोरावर नव्हे. ते का राहिले, हे पुढील उदाहरणांवरून दिसेल.

निरनिराळ्या दप्तरांतील वीस मृत्यू

एखाद्या शहराच्या बसस्थानकावरील स्वच्छतागृहात सकाळी एक तरुण स्त्री मृतावस्थेत आढळते. दार आतून बंद. अंगावर जखम नाही. ओळख पटविण्याजोगे काही जवळ नाही. पोलीस पंचनामा करतात, अनैसर्गिक मृत्यूची नोंद होते, शवविच्छेदन होते, आणि काही दिवस वाट पाहून बेवारस प्रेताची विल्हेवाट लावली जाते. आत्महत्या असावी, असा तर्क केला जातो. या एका नोंदीत तर्कदृष्ट्या कोणताही दोष नाही. तेथून शंभर-दोनशे किलोमीटर दूर असलेल्या एखाद्या खेड्यात एक अविवाहित मुलगी घरातून निघून गेलेली असते. ती कोणाबरोबर तरी पळून गेली असावी, असे समजून घरचे लोक लाजेने गप्प बसतात. किंवा तक्रार केलीच तर पोलीसही तोच अर्थ काढतात. या दुसऱ्या नोंदीतही वरवर पाहता दोष नाही. दोन्ही कागद दोन निरनिराळ्या जिल्ह्यांच्या दप्तरांत पडून राहतात.

कर्नाटकात २००९ पूर्वीच्या काही वर्षांत हेच अनेकदा घडले. दक्षिण कन्नड भागातील मोहन कुमार हा प्राथमिक शाळेचा शिक्षक गरीब घरांतील अविवाहित मुलींशी ओळख वाढवी, हुंड्यावाचून लग्न करण्याचे आश्वासन देई आणि त्यांना दागिन्यांसह दूरच्या शहरी नेई. दुसऱ्या दिवशी बसस्थानकावर औषध म्हणून तो त्यांना एक गोळी घ्यावयास लावी. तीत सायनाइड असे. सायनाइड शरीरातील पेशींची प्राणवायू वापरण्याची क्रियाच बंद पाडते. रक्तात प्राणवायू असूनही पेशी गुदमरतात आणि थोड्याच वेळात मृत्यू येतो. त्याच्यावर वीस स्त्रियांच्या खुनांचे खटले चालले. २००९ साली बंटवाळ तालुक्यातील एका मुलीच्या बेपत्ता होण्यावरून लोकांत क्षोभ माजला, तेव्हा पोलिसांनी तिच्या मोबाइल फोनच्या नोंदी तपासल्या. एका क्रमांकावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर असे जाता जाता दुसऱ्याही बेपत्ता मुलींची नावे पुढे आली आणि त्याच वर्षी आरोपीस अटक झाली. मंगळुरूच्या न्यायालयाने २०१३ साली पहिली शिक्षा दिली. विसाव्या खटल्याचा निकाल २०२० साली लागला.

येथे विज्ञानाचा दृष्टीने महत्त्वाचा मुद्दा असा की, रसायनशाळेत व्हिसेरा तपासून सायनाइड आढळले तरी ते मृताने स्वतः घेतले की कोणी दिले, हे ते विष सांगू शकत नाही. एकेका मृत्यूच्या तपासणीत खून दिसत नव्हता. सारे मृत्यू शेजारी शेजारी ठेवले तेव्हा तो दिसला. मालिका ही वस्तू एखाद्या गोळीसारखी किंवा रक्ताच्या डागासारखी घटनास्थळी पडलेली नसते. नोंदी एकत्र आणणाऱ्या माणसाने काढलेले ते अनुमान असते. अमेरिकी गुन्हेशास्त्रज्ञ स्टीव्हन एगर यांनी पोलीस यंत्रणेच्या या उणिवेला दुवा न दिसण्याचे आंधळेपण असे नाव १९८० नंतरच्या दशकात दिले. ज्यांच्या नाहीसे होण्याची समाजाला फारशी खंत वाटत नाही अशा लोकांचेच बळी अधिक जातात, हेही त्यांनीच आग्रहाने मांडले.

मुंबईतील जुने प्रकरण वडीलधाऱ्या वाचकांना आठवत असेल. १९६५-६६ मध्ये आणि पुन्हा १९६८ मध्ये उपनगरांत पदपथावर व झोपड्यांत झोपलेल्या माणसांची डोकी ठेचली गेली. रामन राघव याला १९६६ साली संशयावरून पकडले होते, पण पुरावा न मिळाल्याने सोडावे लागले. ऑगस्ट १९६८ मध्ये ॲलेक्स फियाल्हो या पोलीस उपनिरीक्षकांनी त्याला ओळखून पकडले. त्याला झालेली फाशीची शिक्षा मनोविकाराच्या कारणास्तव पुढे जन्मठेपेत बदलण्यात आली आणि १९९५ साली पुण्यात तो मरण पावला. त्याचे जे बळी गेले त्यांपैकी बहुतेकांना झोपण्यासाठी बंद दाराची खोली नव्हती.

कार्डांच्या ढिगाऱ्यात हरवलेला माणूस

नोंदी एकत्र आणल्या म्हणजे काम झाले असेही नाही. इंग्लंडच्या यॉर्कशायर भागातील प्रकरण याचे बोधप्रद उदाहरण आहे. १९७५ ते १९८० या काळात पीटर सटक्लिफ या लॉरीचालकाने तेरा स्त्रियांचे खून केले. येथे मालिका आहे हे पोलिसांना लवकरच कळले होते. माहितीची उणीव नव्हती; ती फार झाली होती. प्रत्येक जबाब, प्रत्येक मोटारीचा क्रमांक, प्रत्येक संशयित यांच्यासाठी स्वतंत्र कार्ड लिहिले जाई. कार्डांच्या पेट्यांवर पेट्या चढल्या. सटक्लिफची चौकशी निरनिराळ्या निमित्तांनी नऊ वेळा झाली. परंतु नवव्या वेळी त्याच्या दारात उभ्या असलेल्या अधिकाऱ्याला आधीच्या आठ वेळांचे सर्व कागद हातात मिळतील, अशी सोय त्या पद्धतीत नव्हती.

त्यातच १९७८ आणि १९७९ साली खुनी आपणच असल्याची बतावणी करणारी पत्रे आणि एक ध्वनिफीत पोलिसांकडे आली. फितीवरील आवाज ईशान्य इंग्लंडमधील सुंदरलँडकडचा होता. वरिष्ठांनी ती खरी मानली. मग ज्याची बोली त्या भागातील नाही त्याच्यावरील संशय आपोआप कमी होऊ लागला. आणि सटक्लिफची बोली तर यॉर्कशायरची होती. हल्ल्यातून वाचलेल्या स्त्रियांनी केलेली वर्णने बरीच अचूक होती, पण खुनी अमुक एका वर्गातील स्त्रियांवरच हल्ला करतो, असे गृहीत धरल्यामुळे काहींचे जबाब या प्रकरणाशी जोडलेच गेले नाहीत. २ जानेवारी १९८१ रोजी शेफील्ड येथे मोटारीवरील खोट्या क्रमांकपट्टीमुळे तो पोलिसांच्या हाती लागला. पुढे लॉरेन्स बायफर्ड यांच्या चौकशी अहवालाने या त्रुटी दाखवून दिल्या, आणि १९८५ पासून ब्रिटिश पोलिसांनी मोठ्या तपासांसाठी संगणकावर आधारलेली ‘होम्स’ ही पद्धत सुरू केली. फीत पाठविणारा तोतया मात्र पंचवीस वर्षे मोकळा होता. लिफाफा चिकटविताना लागलेल्या थुंकीतील डीएनएवरून तो ओळखला गेला आणि २००६ साली त्याला शिक्षा झाली.

पेशीतील साक्ष

डीएनए हा पेशींच्या केंद्रकात असणारा लांब रेणू आहे. मनुष्याच्या डीएनएत सुमारे तीन अब्ज अक्षरजोड्या असतात असे समजावे. त्यांपैकी बहुतांश भाग सर्व माणसांत सारखा असतो. काही ठिकाणी मात्र एकच लहानसा अक्षरसमूह पुन्हा पुन्हा येतो, आणि तो किती वेळा यावा हे व्यक्तीव्यक्तीत बदलते. अशी पंधरा-वीस ठिकाणे मोजली तर परस्परांशी नाते नसलेल्या दोन माणसांचे सर्व आकडे जुळण्याचा संभव नगण्य उरतो. एकरूप जुळी भावंडे तेवढी याला अपवाद होत. १९८४ साली लेस्टर विद्यापीठात अलेक जेफ्रीज यांना या भेदांवरून व्यक्ती ओळखता येते हे आढळले. भारतात हैदराबादच्या पेशीय व रेणवीय जीवविज्ञान केंद्रात लालजी सिंह यांनी १९८० नंतरच्या दशकात यासाठी स्वतंत्र देशी पद्धत विकसित केली.

या पद्धतीचा खुनाच्या तपासात पहिला उपयोग लेस्टर शहराजवळच्या नारबरो येथे झाला. तेथे १९८३ आणि १९८६ साली दोन शाळकरी मुलींचे खून झाले होते. सतरा वर्षांच्या एका मुलाने त्यांपैकी एका खुनाचा कबुलीजबाब दिला. जेफ्रीज यांनी तपासणी केली तेव्हा दोन्ही खून एकाच माणसाने केल्याचे दिसून आले, आणि तो माणूस म्हणजे हा मुलगा नव्हे, हेही सिद्ध झाले. म्हणजे डीएनएने या प्रकरणात प्रथम सुटका केली ती निरपराधाची. त्यानंतर परिसरातील हजारो पुरुषांचे रक्त तपासण्यात आले. खऱ्या खुन्याने, कॉलिन पिचफोर्कने, आपल्याऐवजी सहकाऱ्याला रक्त द्यावयास लावले होते. त्या सहकाऱ्याने ही गोष्ट बोलून दाखविली आणि खुनी पकडला गेला. १९८८ साली त्याला जन्मठेप झाली. प्रयोगशाळा कितीही अचूक असली तरी तिच्याकडे आलेली नळी कोणाची, हे तिला कळत नाही.

यापुढची पायरी २०१८ साली कॅलिफोर्नियात गाठली गेली. १९७० व १९८० च्या दशकांत तेथे तेरा खून आणि अनेक अत्याचार करणाऱ्या अज्ञात माणसाचा डीएनए पोलिसांकडे जतन केलेला होता. पण तो कोणत्याही नोंदलेल्या गुन्हेगाराशी जुळत नव्हता. तपास करणाऱ्यांनी लाखो ठिकाणच्या एकेका अक्षराचे भेद तपासून ती माहिती वंशावळी शोधणाऱ्या हौशी लोकांच्या संग्रहात घातली. खुनी तेथे नव्हता. त्याचे दूरचे नातेवाईक होते. दोन माणसांच्या डीएनएत किती लांबीचे तुकडे समान आहेत यावरून त्यांचा समान पूर्वज सुमारे किती पिढ्यांमागे असावा, याचा अंदाज करता येतो. त्या पूर्वजापासून खाली येत वंशावळीच्या फांद्या भरून काढावयाच्या, आणि वय, लिंग, वास्तव्य यांच्या चाळणीतून एकेक नाव वगळीत जावयाचे, असे हे काम होते. शेवटी जोसेफ डीअँजेलो या माजी पोलिसाचे नाव उरले. त्याच्या मोटारीच्या दाराच्या मुठीवरून आणि केरातील कागदी रुमालावरून नमुना घेऊन खात्री केली गेली. अटकेच्या वेळी तो ७२ वर्षांचा होता. २०२० साली त्याला आजन्म कारावास झाला. आपल्या दूरच्या आप्ताचा माग लागावा म्हणून त्या नातेवाइकांनी डीएनए दिला नव्हता, ही गोष्ट विसरता येत नाही. अटकेच्या पुढील वर्षीच त्या संग्रहाने, संमती देणाऱ्यांचीच माहिती पोलिसांना पाहता येईल, असा नियम केला.

संख्या घटली काय?

मालिका-खुन्यांची सर्वांत विस्तृत यादी अमेरिकेत मायकेल आमोट या मानसशास्त्रज्ञाच्या पुढाकाराने विद्यापीठांत तयार झाली आहे. तीवरून असे दिसते की, त्या देशात अशा खुन्यांची संख्या १९८० च्या दशकात सर्वाधिक होती आणि नंतर ती दशकामागून दशक उतरत गेली. याची कारणे निरनिराळे अभ्यासक निरनिराळी सांगतात. कारावासाच्या मुदती वाढल्या; डीएनएमुळे गुन्हेगार पहिल्या-दुसऱ्या खुनानंतरच सापडू लागला; रस्त्यावर अनोळखी माणसाच्या मोटारीत बसून प्रवास करण्याची पद्धत मागे पडली; कॅमेरे आणि मोबाइल फोन सर्वत्र झाले. यांतील कोणत्या कारणाचा वाटा किती, हे वेगळे काढणे कठीण आहे. परंतु घट खरी आहे, असे मानण्यास चांगला आधार आहे.

तथापि ही यादी सापडलेल्यांची आहे. अमेरिकेत २०२० नंतरच्या काही वर्षांत जवळजवळ निम्म्या खुनांचा छडा लागला नाही. थॉमस हारग्रोव्ह या पत्रकाराने सरकारी आकडेवारीतून, एकाच भागात एकाच पद्धतीने मारल्या गेलेल्या आणि उलगडा न झालेल्या स्त्रियांचे गट शोधणारी गणिती पद्धत तयार केली. इंडियाना राज्यातील गॅरी या शहराभोवती गळा दाबून मारलेल्या स्त्रियांचा असा एक गट त्याला दिसला. २०१० साली त्याने तेथील पोलिसांना लिहिले. त्याकडे लक्ष दिले गेले नाही. २०१४ साली शेजारच्या गावात एका खुनाबद्दल पकडलेल्या डॅरेन व्हॅन याने सात खुनांची कबुली दिली, आणि यांतील काही प्रेते त्याने गॅरीतील ओसाड घरांत टाकलेली होती. हारग्रोव्हच्या गटातील जुने खून त्यानेच केले होते असे यावरून म्हणता येत नाही. पण २०१० च्या पत्राची दखल घेतली गेली असती तर त्या शहरात निदान कोणी डोळे उघडे ठेवले असते.

सॅम्युएल लिटल याचे उदाहरण याहून विदारक आहे. १९७० ते २००५ या पस्तीस वर्षांत आपण ९३ खून केले, असे त्याने तुरुंगातून सांगितले; २०१९ साली एफबीआयने त्यांपैकी पन्नासांवर खुनांचा पडताळा घेऊन तो अमेरिकेच्या इतिहासातील सर्वाधिक बळी घेणारा खुनी असल्याचे जाहीर केले. त्याचे अनेक बळी मुळात खून म्हणून नोंदलेच गेले नव्हते. मादक द्रव्याचे अतिसेवन, अपघात, अनिश्चित कारण, असे त्या मृत्यूंपुढे लिहिलेले होते. त्याने आठवणीतून काढलेली स्त्रियांची चित्रे त्या संस्थेने, कोणी ओळखील म्हणून, प्रसिद्ध केली. २०२० च्या अखेरीस तो मरण पावला.

कबुलीवर मात्र विसंबून चालत नाही. टेक्सासमधील हेन्री ली ल्युकस याने शेकडो खून कबूल केले आणि पोलिसांनी समाधानाने फायली बंद केल्या. पुढे त्यांतील बहुतेक खुनांच्या वेळी तो भलत्याच ठिकाणी असल्याचे निघाले. स्वीडनमध्ये तर कबुलीवरून आठ खुनांत दोषी ठरलेल्या एका मनोरुग्णाच्या साऱ्या शिक्षा २०१३ पर्यंत रद्द कराव्या लागल्या.

दुपारचे मृत्यू

रुग्णांचे मृत्यू स्वाभाविकच वाटतात. म्हणून वैद्यकीय व्यवसायातील खुनी सर्वांत उशिरा ओळखला जातो. इंग्लंडमधील हाइड गावचा डॉक्टर हॅरोल्ड शिपमन याला २००० साली पंधरा खुनांबद्दल जन्मठेप झाली. न्यायमूर्ती जॅनेट स्मिथ यांच्या आयोगाने त्याच्या बळींची संख्या २१५ निश्चित केली आणि एकंदर आकडा अडीचशेच्या घरात असावा, असे मत दिले. बहुतेक बळी वृद्ध स्त्रिया होत्या. हा डॉक्टर त्यांच्या घरी जाई, अफूपासून बनविलेले वेदनाशामक टोचून देई, आणि मृत्यूचा दाखलाही स्वतःच लिही.

मार्च १९९८ मध्ये शेजारच्या दवाखान्यातील डॉक्टरांनी, शिपमनच्या रुग्णांचे दहनाचे दाखले फार येतात, अशी शंका मृत्युचौकशी अधिकाऱ्याकडे नोंदविली. पोलिसांनी वरवर चौकशी करून ती एप्रिलमध्ये बंद केली. त्यानंतर त्याने आणखी तीन स्त्रियांना मारले. त्यांपैकी शेवटच्या बाईचे बनावट मृत्युपत्र त्याने केले. तिची मुलगी वकील होती आणि तिला ते पाहताच संशय आला. पुरलेले प्रेत उकरून तपासले तेव्हा त्यात मॉर्फिन सापडले.

नंतर संख्याशास्त्रज्ञांनी साधे आलेख काढले. भोवतालच्या इतर डॉक्टरांचे रुग्ण दिवसाच्या सर्व तासांत साधारण सारख्या प्रमाणात मरत होते. शिपमनच्या रुग्णांचे मृत्यू दुपारी दोनच्या सुमारास एकवटलेले होते. तीच त्याची घरोघर भेटी देण्याची वेळ. हा आलेख काढावयास शाळेतील मुलालाही एखादी दुपार पुरली असती. पण सर्व दाखले एका जागी ठेवून पाहण्याचे काम कोणाकडेच सोपविलेले नव्हते. मृत्यूच्या प्रत्येक दाखल्याची स्वतंत्र डॉक्टराकडून छाननी करण्याची पद्धत इंग्लंड व वेल्समध्ये सप्टेंबर २०२४ पासून कायद्याने लागू झाली.

याच साधनाचा दुरुपयोग कसा होतो तेही पाहिले पाहिजे. नेदर्लंड्समधील लुसिया द बर्क या परिचारिकेच्या पाळीत मृत्यू वा गंभीर प्रसंग फार घडतात, असे लक्षात आल्यावर तिच्यावर खटला भरला गेला. हे निव्वळ योगायोगाने घडण्याचा संभव ३४ कोटी २० लाखांत एक आहे, असा आकडा न्यायालयापुढे मांडण्यात आला आणि २००३ साली तिला जन्मठेप झाली. परंतु कोणता प्रसंग संशयास्पद मानावा हे बहुतांशी तिच्यावर संशय आल्यानंतर, ती हजर होती की नाही हे पाहून ठरविलेले होते. बाण मारून झाल्यावर त्याच्याभोवती लक्ष्याचे वर्तुळ काढण्यासारखा हा प्रकार होय. रिचर्ड गिल आदी संख्याशास्त्रज्ञांनी गणित पुन्हा मांडले तेव्हा तो संभव कोट्यवधींत एक नव्हे, तर काही डझनांत एक इतपत निघाला. म्हणजे एखाद्या देशातील हजारो परिचारिकांपैकी पुष्कळांच्या वाट्याला असा योग सहज येऊ शकतो. मृत्यूही नैसर्गिक असू शकतात असे तज्ज्ञांनी दाखविले, आणि २०१० साली तिची निर्दोष मुक्तता झाली. तेथे खुनी नव्हता. खूनही नव्हते. खरी मालिका न दिसणे आणि नसलेली मालिका दिसणे, या दोन्ही चुकांचे मूळ नोंदी कशा गोळा केल्या यातच असते.

आपल्या देशातील नोंदी

राष्ट्रीय गुन्हे अभिलेख विभागाच्या वार्षिक अहवालानुसार भारतात २०२२ साली खुनाचे २८,५२२ गुन्हे नोंदले गेले. अहवालात भांडण, वैर, लाभ अशा हेतूंनुसार त्यांची विभागणी असते. एकाच माणसाने केलेल्या खुनांचा वेगळा तक्ता नसतो. त्यामुळे भारतात आज किती मालिका-खुनी आहेत याचा जो आकडा कधीकधी छापून येतो, त्याला अधिकृत आधार नाही. पोलीस ठाण्यांच्या नोंदी देशभर संगणकाने जोडण्याची योजना २००९ साली मंजूर झाली व ती टप्प्याटप्प्याने अमलात आली आहे. डीएनए नमुन्यांचा राष्ट्रीय संग्रह स्थापण्याचे २०१९ चे विधेयक २०२३ साली मागे घेण्यात आले. व्यक्तीची गुप्तता आणि तपासाची गरज यांचा मेळ कसा घालावा, हा वाद तेव्हापासून तसाच आहे. एका जिल्ह्यातील बेवारस प्रेत आणि दुसऱ्या जिल्ह्यातील बेपत्ता मुलगी यांची गाठ घालून देण्यास असा संग्रह, त्याला योग्य मर्यादा घालून, उपयोगी पडेल, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

हरवलेल्या मुलाची तक्रार आल्यास ती साध्या नोंदवहीत न लिहिता गुन्हा म्हणून नोंदवावी आणि अपहरण किंवा मुलांचा व्यापार गृहीत धरून तपास सुरू करावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने मे २०१३ मध्ये दिला. दिल्लीजवळच्या नोएडा शहरातील निठारी येथील मुले नाहीशी होऊ लागली तेव्हा हा आदेश नव्हता. त्यांचे आईबाप मोलमजुरी करणारे होते. काहींनी २००५ पासून पोलीस चौकीवर खेपा घातल्या. मुले पळून गेली असतील, असे त्यांना सांगण्यात आले. डिसेंबर २००६ मध्ये एका घरामागील नाल्यात अनेक मुलांचे आणि तरुण स्त्रियांचे अवशेष सापडले. दोघांना अटक झाली, फाशीच्या शिक्षा झाल्या, आणि लोकांच्या दृष्टीने प्रकरण मिटले. पुढे ऑक्टोबर २०२३ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने तपासातील गंभीर दोष दाखवून त्या दोघांना निर्दोष ठरविले, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उरलेल्या एका खटल्यातील शिक्षाही रद्द केली. निठारीची मुले मारली गेली हे निश्चित आहे. ती कोणी मारली, हे कोणत्याही न्यायालयात आज सिद्ध झालेले नाही.